ई-पुस्तकें कशांतून वाचावीं?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

गेल्या पावसाळ्यांतील एक दुपार. वाशीस आमच्या घरीं आई खिडकीपाशीं टॅब्लेट घेऊन वाचीत बसली होती. बराच वेळ ती बोटानें पान इकडून तिकडे सरकवीत होती. शेवटीं तिनें तें यंत्र टेबलावर पालथें ठेवलें आणि शांतपणें म्हणाली, "माझें वाचन आतां संपलें रे. साठ-पासष्ट वर्षें झालें, तेवढें पुष्कळ झालें." आईचें वय ७९. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, वयोमानानें तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे आणि बारीक अक्षर यापुढें तिला जड जाईल. त्यामुळें तिचें तें वाक्य ऐकून आम्हां घरच्या मंडळींना वाईट वाटलें, पण आश्चर्य वाटलें नाहीं. जेथें डोळेच थकले तेथें इलाज कोणता, अशी आम्हीं मनाची समजूत घातली.

पुढें तीन आठवड्यांनीं आम्हांस कळून आलें कीं, दोष सर्वस्वीं डोळ्यांचा नव्हता. निम्म्याहून अधिक दोष मीं मोठ्या हौसेनें बसवून दिलेल्या रीडरचा होता. श्रोतेहो, चष्म्याचा नंबर चुकला तर माणूस चष्म्यास नांवें ठेवतो. रीडर चुकला तर तो स्वतःस दोष देतो आणि वाचन सोडतो. आजचा विषय मीं घेतला तो एवढ्याचसाठीं.

रीडर हा शब्द मी आज एका ठराविक अर्थानें वापरणार आहें. संगणकावर किंवा मोबाइलवर ई-पुस्तक उघडून दाखविणारी जी प्रणाली, ती रीडर. वाचणाऱ्या माणसाला मी वाचकच म्हणेन.

आमचें नवी मुंबई शहर वयानें लहान. सिडकोची स्थापना १९७० सालची, आणि हार्बर मार्गावरची लोकल वाशीपर्यंत आली ती १९९२ सालीं. मराठी पुस्तकांचे मोठे सांठे मात्र खाडीपलीकडे आणि त्याच्याही मागच्या शतकांत उभे राहिले. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचें. आज आमच्याकडेही वाचनाची सोय वाढली आहे; ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकांत ग्रंथालय आहे. परंतु ऐन पावसांत स्टेशनचे जिने चढून-उतरून दादर किंवा ठाणें गांठणें वृद्ध माणसाच्या शक्तीबाहेरचें. घरांत पुस्तकें सांठवावीं म्हटलें तर दोन खोल्यांत कपाटाला जागा नाहीं, आणि खाडीच्या दमट हवेनें कपाटांतल्या पुस्तकांना कसर लागते ती निराळीच. अशा घरांना जाळ्यावरचें ग्रंथालय हें वरदानच म्हटलें पाहिजे. पण वरदान मिळालें तरी तें वापरावयाचें कसें, हें कळावें लागतें.

घरबसल्या मराठी पुस्तक कोठून मिळतें, तें प्रथम पाहूं. १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें आपल्या पुष्कळ प्रकाशनांच्या पी.डी.एफ. प्रती विनामूल्य ठेविल्या आहेत. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयानें आपल्या दुर्मिळ पुस्तकांच्या पानांच्या प्रतिमा संकेतस्थळावर दिल्या आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ सालीं राष्ट्रास अर्पण झालें. तें बव्हंशीं सूचीचें काम करतें आणि पुस्तक ज्या मूळ ठिकाणीं असेल तेथें वाचकास नेऊन पोंचवितें. अमेरिकेंतील इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहांत जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा सांठा आहे. डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे व भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून काढीत आलें आहे, तेही जाळ्यावर मिळतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांस मोकळें होतें. लक्ष्मीबाई टिळक १९३६ सालीं वारल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' म्हणूनच आज कोणालाही उतरवून घेतां येतात. आईच्या हातांत त्या दुपारीं होतें तें हेंच पुस्तक.

मला स्नेही विचारतात, "सर्वांत चांगला रीडर कोणता, तेवढें सांगा." हा प्रश्नच उलटा आहे. भांडें कोणतें चांगलें, असें विचारण्यापूर्वीं त्यांत काय ठेवावयाचें तें सांगावें लागतें. पितळेच्या भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें. त्यांत पितळेचा दोष नाहीं आणि ताकाचाही नाहीं. ग्रंथालयें आपल्याला जें देतात त्या सर्वांस आपण सरसकट 'ई-पुस्तक' म्हणतों खरें, पण या एका नांवाखालीं अगदीं भिन्न स्वभावाच्या वस्तू असतात. तेव्हां रीडर निवडण्यापूर्वीं हातांतलें पुस्तक ओळखावें, हा पहिला नियम.

तें ओळखावें कसें? एक सोपी परीक्षा सांगतों. पुस्तकांतील एखाद्या ओळीवर बोट दाबून धरा, ती ओळ निवडा, तिची नक्कल करा, आणि ती स्वतःलाच पाठवावयाच्या संदेशांत उतरवा. यांतून बहुधा तीनांपैकीं एक गोष्ट घडेल. ओळ निवडतांच आली नाहीं, तर पुस्तक म्हणजे पानांचीं छायाचित्रें आहेत. ओळ निवडतां आली पण संदेशांत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गाळ उतरला, तर पुस्तक जुन्या फॉन्टमध्यें बसविलेलें आहे. आणि संदेशांत स्वच्छ मराठी ओळ उतरली, तर पुस्तकांत खरीं अक्षरें आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? अर्ध्या मिनिटांत होणारी ही परीक्षा मीं आधीं केली असती, तर आईचे तीन आठवडे वांचले असते.

पहिल्या प्रकारचें, म्हणजे छायाचित्रांचें पुस्तक घेऊं. आपलें बहुतेक जुनें वाङ्मय आज याच रूपांत उपलब्ध आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतून चाललेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानें या शतकाच्या आरंभापासून लाखों पुस्तकांच्या पानांच्या प्रतिमा घेतल्या, आणि इंटरनेट आर्काइव्हवरील पुष्कळ मराठी प्रती तेथूनच आलेल्या आहेत. अशा पुस्तकांत कागदावरचा डाग, ग्रंथालयाचा शिक्का, वाचकाच्या पेन्सिलीची रेघ, सारें जसेंच्या तसें दिसतें. मोठें सुख तें हेंच. परंतु पान हें चित्र असल्यामुळें त्यांतील अक्षर एकटें मोठें करतां येत नाहीं; मोठें करावयाचें तर सारें पानच मोठें होतें, आणि मग त्याचे काठ पडद्याबाहेर जातात. एक ओळ वाचावयास पान डावीकडून उजवीकडे ओढावें, पुढच्या ओळीसाठीं पुन्हा मागें आणावें, असा खेळ प्रत्येक ओळीला करावा लागतो. आई त्या दुपारीं हाच खेळ खेळत होती. तरुण माणूसही दहा पानांत कंटाळेल. आणि आम्ही मात्र तिच्या डोळ्यांना नांव ठेवीत होतों.

या प्रकारच्या पुस्तकाला रीडर कसा पाहिजे? रंगीबेरंगी पानें उलटण्याच्या गमतीचा त्यांत कांहीं उपयोग नाहीं. त्याला तीन कामें आलीं पाहिजेत. एक, पानाचे कोरे समास कापून मजकूर पडद्याच्या कडेपर्यंत आणणें. एवढ्यानेंही अक्षर बरेंच मोठें होतें. दोन, एकदां ठरविलेला आकार पुढच्या पानावर तसाच राखणें. तीन, पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या फिक्या शाईला उठाव देणें किंवा रंग उलटे करणें. संगणकावर ऑक्युलर हा मुक्त रीडर हीं कामें बऱ्यापैकीं करतो. विंडोजवर सुमात्रा नांवाचा लहानसा रीडर जड पी.डी.एफ. चटकन् उघडतो, आणि डेजाव्यू या जुन्या प्रकारचीं पुस्तकेंही वाचतो. के.ओ.रीडर नांवाच्या मुक्त प्रणालींत तर एक विलक्षण सोय आहे. ती चित्रांतील शब्दांचे तुकडे कापून ते मोठे करते आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणें नव्या ओळींत मांडून दाखविते. फिक्या छपाईवर ती कधींकधीं फसते, पण छपाई स्वच्छ असली तर तिचा उपकार मोठा वाटतो. खेरीज, छायाचित्रांच्या पुस्तकाला मोबाइलचा पडदा अपुरा पडतो हेंही लक्षांत ठेवावें. येथें महागड्या रीडरपेक्षां मोठा पडदा अधिक कामाचा.

याच जागीं एक सावधगिरीची सूचना. इंटरनेट आर्काइव्हवर अशा पुस्तकाजवळ पी.डी.एफ.च्या शेजारीं 'ई-पब' प्रतही ठेवलेली दिसते, आणि ती घ्यावी असा मोह होतो. ती प्रत कोणीं टंकलेली नसते. यंत्रानें चित्र पाहून अक्षरें ओळखलेलीं असतात. २०२० पर्यंत तेथें जें यंत्र हें काम करी त्याला देवनागरी येत नव्हती, त्यामुळें त्या काळच्या मराठी ई-पबमध्यें केवळ रोमन अक्षरांचा कचरा सांपडतो. त्यानंतर आलेल्या टेसरॅक्ट या प्रणालीला मराठी येतें, पण जुन्या छपाईंतील जोडाक्षरांपाशीं ती अडखळते आणि शाईचा ठिपका व अनुस्वार यांत घोटाळा करते. म्हणून ई-पब हें नांव पाहून भुलूं नये; दोन पानें वाचून पाहावीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा प्रकार येथें नेहमीं होतो.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. हा खास आपल्या भाषांचा भोग. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं आली, पण मराठी छपाईच्या व्यवहारांत ती रुळावयास पुढें पुष्कळ वर्षें गेलीं. दरम्यानच्या काळांत आपले मुद्रक श्रीलिपीसारख्या प्रणालींवर पुस्तकें जुळवीत. त्यांत रोमन अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. अशा पुस्तकाची पी.डी.एफ. डोळ्यांना अत्यंत सुबक दिसते. पण यंत्राच्या लेखीं तिच्यांत मराठीचा एकही शब्द नसतो. तिच्यांत शोध घेतां येत नाहीं आणि ती मोठ्यानें वाचून दाखवितां येत नाहीं. उत्तम रीडरही येथें हतबल आहे. अशा पुस्तकाला छायाचित्राचेंच पुस्तक समजावें आणि त्याच साधनांनीं वाचावें. दुःख एवढेंच कीं, अगदीं अलीकडच्या काळांतलीं कित्येक पुस्तकें या मुक्या स्थितींत आहेत. ग्रंथालयांनीं आणि प्रकाशकांनीं त्यांच्या युनिकोड प्रती करून ठेवल्या पाहिजेत. हें काम रीडरच्या हातचें नाहीं.

तिसरा प्रकार खऱ्या अक्षरांचा, आणि त्यांतील श्रेष्ठ रूप ई-पबचें. पी.डी.एफ. १९९३ सालीं निघाली ती मुळीं पान जेथें जाईल तेथें सारखेंच दिसावें या हेतूनें. छापखान्याला तें हवेंच असतें. ई-पब २००७ सालीं आलें तें नेमकें उलट हेतूनें: मजकूर पडद्याप्रमाणें आणि वाचकाच्या गरजेप्रमाणें नव्यानें मांडला जावा. एक कांचेखालीं बसविलेली पोथी, तर दुसरें भांड्याचा आकार घेणारें पाणी. अक्षर दुप्पट करा, ओळ आपोआप लहान होऊन पुढें वाहते. पान ओढावें लागत नाहीं.

परंतु मराठी वाचकानें येथें रीडरची परीक्षा इंग्रजी पुस्तकावर करूं नये. एखादें मराठी पुस्तक उघडून 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाङ्मय', 'ॲप' असे शब्द शोधावे. 'ऱ्य' तुटून दिसला, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला गेली, तर तो रीडर तत्काळ सोडावा. 'ल' आणि 'श' यांकडेही पाहावें. पुष्कळ ठिकाणीं त्यांचीं हिंदी वळणें येतात. वाचतां येतें, नाहीं असें नाहीं, पण मराठी शाळेंत गिरवलेल्या डोळ्याला तें वळण खुपतें. ज्या रीडरमध्यें आपल्या पसंतीचा फॉन्ट घालतां येतो तो यासाठीं अधिक चांगला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें तयार केलेला मुक्ता हा फॉन्ट विनामूल्य मिळतो आणि मोठ्या आकारांतही स्वच्छ दिसतो. आणखी एक गोष्ट. अक्षर मोठें केल्यावर दोन्ही कडा सारख्या राखण्याचा हट्ट रीडरनें धरला, तर शब्दांमध्यें मोठमोठीं खिंडारें पडतात. उजवी कड मोकळी सोडण्याची सोय ज्यांत असेल तोच रीडर वृद्धांना द्यावा. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण आईच्या बाबतींत सर्वांत अधिक फरक पडला तो हिनेंच.

या प्रकारासाठीं संगणकावर थोरियम हा विनामूल्य रीडर मला चांगला वाटला. तो वाचूनही दाखवितो. अँड्रॉइडवर रीडएरा हा एकच रीडर ई-पब, पी.डी.एफ. आणि डेजाव्यू असे तिन्ही प्रकार उघडतो. गूगलच्या प्ले बुक्समध्यें स्वतःचें ई-पब चढवितां येतें, ॲपलच्या यंत्रांत ॲपलचा स्वतःचा रीडर असतो, आणि किंडलनें २०१६ पासून मराठी पुस्तकें आणि २०२२ पासून पाठविलेलीं ई-पब स्वीकारण्यास आरंभ केला. यांपैकीं कोणताही वाईट नाहीं. वर सांगितलेली चार शब्दांची परीक्षा ज्यांत आपलें पुस्तक उतरेल तो घ्यावा. आणि लोकलनें जाणाऱ्यांनीं आणखी एक परीक्षा घ्यावी. पुस्तक उतरवून घेतल्यावर मोबाइलचें जाळें बंद करून तें उघडतें का, हें घरींच पाहावें. पावसांत मानखुर्दपाशीं गाडी तासभर अडकून पडल्यावर पाहण्यांत अर्थ नाहीं.

आतां उसन्या पुस्तकांकडे वळूं. वर सांगितलेलीं पुस्तकें मोकळीं होतीं. पण नव्या पुस्तकांच्या बाबतींत ग्रंथालय आपणांस पुस्तक देत नाहीं, मुदतीची परवानगी देतें. आणि ती परवानगी पुस्तकाला घातलेल्या एका कुलुपांत असते. येथें रीडर निवडण्याचा प्रश्नच फारसा उरत नाहीं. ज्या कंपनीचें कुलूप, तिची किल्ली ओळखणाराच रीडर लागतो. पुष्कळ ग्रंथालयें अडोबीच्या कुलपाचा उपयोग करतात. तेथें पुस्तक उतरवलें म्हणजे प्रथम हातीं येते ती एक लहानशी चिठ्ठी; ती अडोबी डिजिटल एडिशन्समध्यें किंवा पॉकेटबुकसारख्या रीडरमध्यें उघडली म्हणजे मग खरें पुस्तक येतें. हें ठाऊक नसलेला वाचक चिठ्ठीलाच पुस्तक समजून ती दहा रीडरमध्यें उघडून पाहतो आणि 'पुस्तक बिघडलेलें आहे' म्हणून सोडून देतो. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं लिबीचें नांव ऐकलें असेल. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांचीं पुस्तकें २०१७ पासून तिच्यांतून मिळतात, पण तीं तेथल्या ग्रंथालयाच्या सभासदपणावर. आणि तीं किंडलवर नेण्याची सोय अमेरिकेपुरतीच आहे.

मुदत संपली कीं उसनें पुस्तक आपोआप मिटतें. एका ग्रंथालयाची कादंबरी वाचतांना मला हा अनुभव आला. शेवटचीं वीस पानें राहिलीं असतां रात्रीं पुस्तक बंद झालें, आणि पुढच्या वाचकांची रांग असल्यामुळें तें पुन्हा हातीं येण्यास दोन महिने लागले. पूर्वींचा ग्रंथपाल ओळखीचा असला तर दोन दिवस उशीर पोटांत घाली. यंत्राला पोट नाहीं. तथापि यांत अन्यायही नाहीं. लेखकाला आणि प्रकाशकाला आपला मोबदला मिळालाच पाहिजे. केवळ एवढें ओळखून असावें कीं, कुलपाचें पुस्तक आपलें नव्हे. जें विकत घेतलें त्याचीही शाश्वती नाहीं. २००९ सालीं ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलचीं विकलेलीं पुस्तकें वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलीं. पैसे परत केले, पण पुस्तकें गेलीं. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान बंद केलें, आणि तेथें घेतलेलीं पुस्तकें वाचकांना उघडेनाशीं झालीं. उसनवारीचीही तीच गत. अमेरिकेंतील चार प्रकाशकांनीं इंटरनेट आर्काइव्हवर २०२० सालीं दावा लावला. २०२३ सालीं निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला, २०२४ सालीं अपिलांतही तोच कायम झाला, आणि पांच लाखांहून अधिक पुस्तकें उसनीं देण्याच्या यादींतून काढावीं लागलीं.

याच्या उलट मोकळ्या प्रतींची गोष्ट पाहा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचें मूळ संकेतस्थळ २०१७ च्या सुमारास बंद पडलें. पण तत्पूर्वीं वाचकांनीं प्रती उतरवून दुसरीकडे ठेविल्या होत्या, म्हणून तीं पुस्तकें आज हयात आहेत. यावरून माझा दुसरा नियम असा: जें पुस्तक कायद्यानें मोकळें आहे तें रीडरच्या पोटांत ठेवूं नये, आपल्या स्वतःच्या संग्रहांत ठेवावें. त्यासाठीं कॅलिबर नांवाची विनामूल्य प्रणाली आहे. कोविद गोयल या भारतीय गृहस्थांनीं २००६ सालीं सोनीचें वाचनयंत्र आपल्या संगणकाला जोडतां येईना म्हणून तिला आरंभ केला. आज जगभर ती वापरली जाते. पुस्तकांची सूची ठेवणें आणि एका प्रकारांतून दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करणें, हें घरच्या ग्रंथपालाचें काम ती करते. रीडर येतील आणि जातील. कपाट आपलें असावें.

रीडर आपणांस वाचीत असतो, हेंही विसरूं नये. जुन्या वाचनालयाच्या वहींत पुस्तक नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख एवढेंच असे. कांहीं रीडर आपण कोणतें पान केव्हां उघडलें हेंही टिपून आपल्या मालकाला कळवितात. अडोबीच्या रीडरची ही माहिती उघड्या पत्रासारखी, कोणालाही वाचतां येईल अशी, जाळ्यावरून जात असल्याचें २०१४ सालीं उघडकीस आलें होतें. म्हणून ज्या रीडरला मोकळें पुस्तक दाखविण्यासाठीं तुमचें नांव, पत्ता आणि संपर्कांची यादी लागते, त्याला नम्रपणें दारांतूनच परत पाठवावें.

शेवटची गोष्ट कानांची. डोळे थकले कीं वाचन थकलेंच पाहिजे असें नाहीं. पुस्तकांत खरीं अक्षरें असतील तर रीडर तें मोठ्यानें वाचून दाखवूं शकतो, आणि अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचा मराठी आवाज विनामूल्य बसवितां येतो. आवाज थोडा कोरडा असतो, संवादांतला रुसवा-फुगवा त्याला कळत नाहीं. पण दोन-तीन दिवसांत कान सरावतो. ज्यांना दृष्टीच्या अगर शरीराच्या व्यंगामुळें छापील पुस्तक वाचतांच येत नाहीं, त्यांच्यासाठीं तर कायदाच मदतीला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यांत अशा वाचकांसाठीं सुगम प्रती करण्याची मोकळीक दिली. याच हेतूच्या माराकेश करारास जगांत सर्वांत आधीं, २०१४ सालीं, मान्यता दिली ती भारतानें. आणि २४ ऑगस्ट २०१६ रोजीं 'सुगम्य पुस्तकालय' हें जाळ्यावरचें ग्रंथालय सुरू झालें. त्यांतील पुस्तकें डेझी आणि ई-पब या रूपांत, म्हणजे ऐकण्यास आणि अक्षर मोठें करण्यास योग्य अशा रूपांत असतात. पूर्ण अंधांप्रमाणेंच दृष्टि मंद झालेल्यांनाही त्याचें सभासद होतां येतें, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही नव्हती.

तेव्हां सारांश काय? पुस्तकाची जात ओळखा. छायाचित्रांच्या पुस्तकाला एक आणि अक्षरांच्या पुस्तकाला एक, असे दोन रीडर घरांत पुरे. उसनवारीसाठीं लागलाच तर ग्रंथालय सांगेल तो तिसरा. एक ना धड भाराभर चिंध्या, असें करूं नका. आणि घरांतल्या वडील माणसाच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं तुम्ही स्वतः त्याच्या चष्म्याशिवाय, त्याच्या थरथरत्या बोटानें, दहा पानें वाचून पाहा. निदान तसें वाचणाऱ्याच्या शेजारीं अर्धा तास बसा. मी टॅब्लेट दिला, रीडर बसविला, पुस्तक उतरविलें आणि कर्तव्य झालें असें समजून कचेरीला गेलों. शेजारीं बसलों नाहीं.

तीन आठवड्यांनीं मीं 'स्मृतिचित्रां'ची खऱ्या अक्षरांची प्रत मिळविली, अक्षर दुपटीहून मोठें केलें, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं अक्षरें ठेविलीं, आणि उजवी कड मोकळी सोडली. एका ओळींत चार शब्द मावत. आईनें यंत्र हातांत घेतलें तें माझी समजूत काढण्यासाठीं. दोन पानें झालीं, चार झालीं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी ती उठली नाहीं. मग मान वर न करतांच म्हणाली, "अरे, गॅस तेवढा बंद कर. मी वाचत्यें."